एक फाईल सापडत नव्हती

मित्रांनो, मुदखेड जंक्शनच्या मागच्या वस्तीत, रुळांपासून हाकेच्या अंतरावर एक पत्र्याचं घर आहे. त्या घराच्या खिडकीपाशी टेबलावर बसलेला काळा, जुना संगणक म्हणजे मी. मला बारा वर्षं झाली. तुमच्यात बारा वर्षांचं मूल सहावी-सातवीत असतं, आमच्यात मात्र एवढ्या वयाला म्हातारपण म्हणतात. मालगाडी गेली की टेबल हलतं आणि माझ्या आतले स्क्रू किणकिणतात. तरी मी अजून चालतो. मी चालत नव्हतो, तेव्हाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ती सांगताना मला बरं वाटत नाही, पण सांगितली पाहिजे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. माझे अवयव कुठून कुठून आले आणि नांदेडच्या एका लहानशा दुकानात श्रीशैल नावाच्या मेकॅनिकने ते एका पेटीत बसवले. श्रीशैल मूळचा जळकोटचा. ओठांत स्क्रू धरून काम करायची त्याला सवय होती, त्यामुळे तो बोलायचा कमी. त्याने मला पहिल्यांदा सुरू केलं, पंखा फिरला, पडदा उजळला, तेव्हा ओठांतला शेवटचा स्क्रू काढून तो समोरच्या माणसाला म्हणाला, "घ्या काका. धूळ तेवढी बसू देऊ नका."

ते काका म्हणजे आनंदराज. ते रेल्वेत चावीवाले होते. रुळाला खालच्या आडव्या स्लीपरशी घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. गाड्यांच्या हादऱ्यांनी त्या सैल होतात. चावीवाला रोज आपल्या वाट्याच्या रुळांवरून हातोडा घेऊन पायी चालतो आणि सैल झालेली चावी ठोकून बसवतो. आनंदराजांनी भोकरच्या लाईनीवर हे काम चौतीस वर्षं केलं. गाडी आली की खाली उतरायचं, बाजूला उभं राहायचं, गाडी गेली की पुन्हा रुळावर चढायचं.

त्यांनी मला आणलं ते लेकीसाठी. महामाया तेव्हा नांदेडला डी.एड. करत होती. ती मला सुरू करायची तेव्हा आनंदराज मागे खुर्ची ओढून बसायचे आणि पडद्यावर अक्षरं उमटताना बघत राहायचे. दर रविवारी ते सायकलचा पंप आणून माझ्या जाळीतून हवा मारायचे. धूळ भुर्रकन उडायची. त्यांची बायको सरजाबाई पदर नाकाला लावून म्हणायची, "आवो, अंगणात न्या की ते डबडं! समदी धूळ भाकरीवर आणून राहिलाव."

महामायाचं शिक्षण झालं, पण शिक्षकभरती काही निघेना. नऊ वर्षं ती वाट बघत राहिली आणि त्या नऊ वर्षांत मी सगळ्या वस्तीच्या कामाला आलो. कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचं हॉलतिकीट, कुणाच्या जात पडताळणीचे कागद. शेजारच्या पंचफुलाचं नाव पोलीस भरतीच्या यादीत माझ्याच पडद्यावर दिसलं. तिने आनंदाच्या भरात अर्धा पेढा माझ्या पेटीवर ठेवला. नंतर तीन दिवस माझ्या आत मुंग्या होत्या. पण मित्रांनो, तसा मान मला पुन्हा मिळाला नाही.

पुढे महामायाला नोकरी लागली. भोकरपासून पुढे, आडवळणाच्या तांड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. ती भोकरला खोली करून राहू लागली आणि रविवारी घरी येऊ लागली. तिची सगळी कामं मोबाईलवर होऊ लागली. सरजाबाईने जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्यावर टाकला. त्या तुकड्याखाली मी कित्येक महिने होतो. गाडी गेली की स्क्रू वाजायचे, एवढंच माझं चालणं.

त्याच सुमारास आनंदराज निवृत्त झाले आणि घरात ठेचकाळू लागले. आधी दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. मग बाजूला ठेवलेला चहाचा कप हाताने सांडायचा. सरजाबाई चिडायची, "काय बघून चालता वो तुम्ही?" महामायाने त्यांना नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर ती माझ्याशेजारच्या पलंगावर बसली आणि आईला हळू आवाजात सांगू लागली. काचबिंदू होता. कडेची नजर गेली होती. मधलं, समोरचं तेवढं उरलं होतं. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायची तर रोज थेंब घालायचे आणि दर तीन महिन्यांनी तपासणी करायची.

आनंदराज दारात उभे राहून ऐकत होते. ते हसून म्हणाले, "अगं, चावीवाल्याला समोरचा रूळ दिसला म्हणजे झालं. बाजूचं बघून काय करायचं?"

कुणी हसलं नाही. तेव्हा ते आत येऊन लेकीजवळ बसले.

"माया, एक सांगू का? चौतीस वर्षं म्या गाडी बाजूनं बघितली. ती येती, धाड धाड करती, धूळ उडवती, जाती. पण डायवरला समोरून रूळ कसा दिसत असंल, हे काई म्या बघितलं न्हाई."

"कुणी इंजिनात नेलं न्हाई बाबा?"

"एकदा एका डायवरनं बोलावलं व्हतं. चढ म्हणला, पुढच्या स्टेशनापस्तोर येऊन जा. म्या पायरीवर पाय ठिवला बी. तेवढ्यात साहेब येताना दिसला. उतरलो. नियमात न्हाई ना. आता वाटतं, बघायला पाहिजे व्हतं."

पुढच्या रविवारी महामाया आली तेव्हा तिने माझ्यावरचा लुगड्याचा तुकडा ओढून काढला. किती दिवसांनी मला उजेड दिसला! तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. तिच्या शाळेतल्या शिवानी नावाच्या शिक्षिकेच्या भावाजवळ रेल्वे चालवायचा एक जुना खेळ होता. इंजिनाच्या खिडकीतून समोरचे रूळ, सिग्नल, फाटक, पूल, सगळं दिसायचं. शिवानीने तो उतरवून दिला होता.

"बाबा, बसा इथं. आज तुम्हाला गाडी चालवायला लावते."

आनंदराजांनी आत जाऊन तोंड धुतलं. केस विंचरले. निवृत्तीच्या दिवशी मिळालेला सदरा घालून आले आणि माझ्यासमोर ताठ बसले. सरजाबाई म्हणाली, "लग्नाला बसल्यावाणी बसलेत बघ."

महामायाने खेळाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली.

आता, मित्रांनो, इथे मला तुम्हाला माझ्या पोटातली एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. वस्तीत लग्न निघालं की प्रत्येक घर काही दोनशे माणसांचं पातेलं विकत आणत नाही. समाजमंदिरात सगळ्यांसाठी ठेवलेली मोठी पातेली, पराती, झारे असतात. ज्याच्या घरी कार्य, त्याने न्यावीत आणि वापरावीत. माझ्यातही तशा सामायिक फायली असतात. त्यांना लायब्ररी फायली म्हणतात. पुष्कळ खेळ आणि प्रोग्राम सगळं स्वतःजवळ बाळगत नाहीत, लागेल तेव्हा या फायली वापरतात. एखादी फाईल जागेवर नसली की ते उंबऱ्यावरच अडतात. खेळ बनवणारे हे जाणून असतात. म्हणून ते खेळासोबत त्या फायलींचा अख्खा संच एका फोल्डरात देतात. शिवानीच्या भावाने जागा वाचावी म्हणून नेमका तोच फोल्डर वगळला होता.

खेळाने माझ्याकडे फाईल मागितली. मी शोधली. माझ्याकडे ती कधी नव्हतीच. मग मला जे करता येतं ते मी केलं. पडद्याच्या मधोमध एक चौकोन उमटवला आणि त्यात लिहिलं की अमुक नावाची फाईल सापडत नाही, म्हणून हा खेळ सुरू होऊ शकत नाही.

मला बोलता येतं ते एवढंच, आणि तेही इंग्रजीत.

"काय म्हणून राहिलं ते?" आनंदराजांनी विचारलं.

"एक फाईल न्हाई म्हणतंय बाबा. थांबा, पाच मिनिटं."

तिने मोबाईलवरून मला इंटरनेट जोडून दिलं आणि त्या फायलीचं नाव शोधलं. लगेच एक पान उघडलं. त्यावर हिरवंगार मोठं बटण होतं: ही फाईल इथून उतरवा. तिने उतरवली आणि खेळाच्या फोल्डरात टाकली. पुन्हा टिचकी. आता मी दुसऱ्याच फायलीचं नाव सांगितलं. तिने तीही आणली. मग तिसरी. चौथ्या वेळी माझ्या चौकोनात फायलीचं नाव नव्हतंच, नुसता एक लांबलचक आकडा होता. त्याचा अर्थ असा, की आणलेली फाईल या खेळाच्या मापाची नाही. खेळ बत्तीस बिटचा होता आणि तिने चौसष्ट बिटची फाईल आणली होती. नाव तेच असतं, पण एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नाही. आकड्यात एवढं सगळं कुणाला वाचता येणार? तिला तो आकडा म्हणजे माझा हट्ट वाटला.

पाच मिनिटांचा तास झाला. आनंदराज तसेच ताठ बसून होते.

मग एका दुसऱ्या पानावर तिला एक प्रोग्राम सापडला. हरवलेल्या सगळ्या फायली एका झटक्यात दुरुस्त करून देतो, असं तिथे लिहिलं होतं. तो उतरताच माझ्यातल्या पहारेकऱ्याने, म्हणजे अँटीव्हायरसने लाल चौकोन काढला. तिने तो बंद केला. त्याने पुन्हा काढला. तेव्हा तिने पहारेकऱ्यालाच झोपवलं. त्या पानावर तसंच करायला सांगितलं होतं. मित्रांनो, दार उघडण्यासाठी राखणदाराला घरी पाठवा असं जो सांगतो, तो कोण असेल? पण घाईत माणसाला हे सुचत नाही. आणि तिची घाई वाईट नव्हती. मागे बाप बसला होता.

त्या प्रोग्रामने काहीही दुरुस्त केलं नाही. तो माझ्यात घर करून बसला. मी गरम होऊ लागलो. न विचारता जाहिरातींच्या खिडक्या उघडू लागल्या. एक टिचकी मारली तर मी दोन मिनिटांनी ओ देऊ लागलो. दिवेलागणीच्या आत महामायाला भोकरची गाडी पकडायची होती.

"बाबा, पुढच्या रविवारी करू. नक्की."

"कर की सावकाश. काय घाई हाय?" आनंदराज उठले आणि सदऱ्याची बटणं सोडत आत गेले. जाताना त्यांचा खांदा चौकटीला लागला.

पुढच्या रविवारी शाळेचं सर्वेक्षण निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी प्रशिक्षण. मग निवडणुकीचं काम आलं. मध्ये एकदा ती आली, मला सुरू केलं, मी उघडायलाच अर्धा तास लावला. ती डोकं धरून बसली आणि म्हणाली, "हा आता कामातून गेला." मला ओरडून सांगावंसं वाटलं, की मी कामातून गेलो नाही. त्या उपऱ्याला बाहेर काढ आणि ज्यांनी माझी विंडोज बनवली त्यांच्या स्वतःच्या पानावरून लायब्ररी फायलींचा पूर्ण संच आण. संच बसवायचं काम वीस मिनिटांचं आहे. पण तसं सांगायला माझ्याकडे चौकोन नव्हता. मी फिरणारं गोल चक्र दाखवत राहिलो.

आषाढ गेला, श्रावण गेला. दर रविवारी महामाया फोन करायची किंवा यायची, आणि विचारायची, "बाबा, थेंब घालता ना? तपासणीला जाऊन आलात?"

"हाव, जाऊन आलो ग्यानोबासंगं."

ग्यानोबा म्हणजे त्यांचा जुना सोबती, पूर्वी त्यांच्याच लाईनीवर रुळांची डागडुजी करणारा गँगमन होता. मी टेबलावर बसून सगळं ऐकत होतो. मला माहीत होतं, की ग्यानोबा त्या महिन्यात पुण्याला लेकाकडे होता. नांदेडला कुणीच गेलं नव्हतं. जायचं तर कुणाचा तरी हात धरून जावं लागलं असतं, आणि आनंदराजांना हात मागायची सवय नव्हती. थेंबही हाताच्या अंदाजाने घालायचे. निम्मे गालावर ओघळायचे.

दिवाळीनंतर एके सकाळी ते माझ्याजवळ आले. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी माझ्या पेटीवरून हात फिरवला, सायकलचा पंप आणला आणि जाळी शोधू लागले. जाळी उजव्या बाजूला आहे. ते डाव्या बाजूला, कोऱ्या पत्र्यावर हवा मारत राहिले. बारा वर्षांत त्यांची अशी चूक झाली नव्हती.

सरजाबाई पाणी घेऊन दारात आली होती. तिने ते बघितलं. घागर खाली ठेवली आणि त्यांच्या हातातून पंप घेतला.

"आवो," ती म्हणाली, "किती दिसतं, खरं सांगा."

ते म्हणाले, "उजेड कळतो. तुझं लुगडं कळतं, लाल हाय की हिरवं ते न्हाई कळत. मायाला सांगू नको."

"काहून सांगू नको? लेक हाय ती तुमची."

"म्हणूनच. नऊ वर्षं थांबली पोर नोकरीसाठी. आता तिथं रमून राहिली. म्या असा झालो म्हणल्यावर बदली मागंल, न्हाईतर रोज रडंल. शपथ हाय तुला."

सरजाबाईने शपथ पाळली. लेकीला सांगितलं नाही. पण ती हात बांधून बसणारी बाई नव्हती. तिने मला पाठमोरं फिरवलं. माझ्या पाठीवर श्रीशैलच्या दुकानाचं एक पिवळं पडलेलं स्टिकर होतं. तिला अक्षरं जुळवायला वेळ लागतो, पण आकडे चांगले वाचता येतात. तिने एकेक आकडा बोट ठेवून वाचत फोन लावला.

"दादा, मुदखेडहून बोलून राहिले. तुमच्याकडून संगणक घेतला व्हता, लई वर्षं झाली. तुम्हाला यावं लागंल."

पलीकडून श्रीशैल काहीतरी म्हणाला असावा, पेटी दुकानात आणून द्या असं.

सरजाबाई म्हणाली, "माझ्या लेकीला येळ न्हाई, अन् माझ्या मालकाच्या डोळ्याला तेवढा येळ न्हाई. तुम्हीच या."

रविवारी सकाळच्या गाडीने श्रीशैल आला. केस पिकले होते, स्क्रू मात्र अजून ओठांतच धरत होता. महामायाही त्याच सकाळी भोकरहून आलेली होती. आईने मेकॅनिक बोलावला म्हणून तिला जरा ओशाळल्यासारखं झालं. "मी करणारच होते," ती म्हणाली.

श्रीशैलने मला सुरू केलं आणि दहा मिनिटं नुसता बघत बसला. मग त्याने विचारलं, "या फायली कुठून आणल्या ताई?"

तिने सांगितलं.

"फाईल अशी एकटी आणायची नसते," तो म्हणाला. "ती तिच्या सोबतच्यांबरोबर येते. आणि कुणाकडून आली ते बघावं लागतं. रस्त्यात सापडलेली गोळी आपण औषध म्हणून खातो का?"

त्याने आधी त्या उपऱ्या प्रोग्रामला हुसकलं. खेळाच्या फोल्डरातल्या तिन्ही सुट्या फायली पुसल्या. माझ्या पहारेकऱ्याला जागं केलं आणि मला कानाकोपऱ्यापर्यंत झडती घ्यायला लावली. त्यात दुपार झाली. सरजाबाईने त्याला भाकरी आणि ठेचा वाढला. मग त्याने माझ्या स्वतःच्या फायली धड आहेत का ते मलाच तपासायला सांगितलं. त्यात दोन बिघडलेल्या निघाल्या, त्या मी बदलून घेतल्या. शेवटी त्याने विंडोज बनवणाऱ्यांच्या पानावरून तो पूर्ण संच उतरवला. बत्तीस बिटचाही आणि चौसष्ट बिटचाही. दोन्ही बसवले आणि मला बंद करून पुन्हा सुरू केलं.

त्याने खेळाच्या चित्रावर टिचकी मारली.

खेळाने फाईल मागितली. मी दिली. पडद्यावर इंजिनाची खिडकी उघडली आणि समोर दोन रूळ दूरवर जाऊन एक झाले.

"सुरू झालं!" महामाया ओरडली. आणि मग तिचा आवाज खाली आला. "संच बसवायला किती वेळ लागला हो?"

"वीस मिनिटं. बाकी सगळा वेळ आधीची घाण काढण्यात गेला."

"एवढंच होतं?"

"एवढंच होतं," श्रीशैल म्हणाला. तो खेळ बंद करून, चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

महामायाने वडिलांना हाताला धरून आणलं. तो सदरा आज त्यांनी घातला नव्हता. तिने त्यांना माझ्यासमोर बसवलं, स्वतः बाजूला स्टूल घेतलं आणि पुन्हा खेळ सुरू केला.

मी म्हातारा आहे, मित्रांनो. एवढा मोठा खेळ उघडताना मला दम लागतो. त्या दिवशी चित्राच्या आधी आवाज आला. पडदा काळाकुट्ट होता आणि स्पीकरमधून इंजिनाची घरघर सुरू झाली. मग भोंगा वाजला.

आनंदराज पुढे झुकले. त्यांचा चेहरा उजळला.

"वा! लई सरळ हाय गं रूळ," ते म्हणाले. "कसा चकाकून राहिला बघ. दोन्ही बाजूनं झाडी. लई छान, माया. लई छान दिसून राहिलं."

माझा पडदा अजून काळाच होता.

महामायाने पडद्याकडे बघितलं. मग वडिलांच्या डोळ्यांकडे. ते डोळे पडद्याच्या थोडे वर, भिंतीवर टेकलेले होते. मी जिवाच्या आकांताने चित्र आणायचा प्रयत्न केला. दहा-बारा सेकंद लागले असतील. चित्र आलं तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली. "कधीपासून?"

आनंदराजांचं हसू तसंच राहिलं. "काय कधीपासून?"

"बाबा."

मग ते खुर्चीत मागे टेकले. "दिवाळीच्या आधीपासून. एकदम न्हाई गेली. थोडी थोडी गेली."

"तपासणीला?"

"न्हाई गेलो."

"मी दर रविवारी विचारत होते ना!"

"इचारत व्हतीस की. अन् म्या सांगत व्हतो." ते शांतपणे म्हणाले, "तुझा काय दोष?"

ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. सरजाबाई चुलीपाशी पाठ करून उभी होती. इंजिन माझ्या पडद्यावर सिग्नलपाशी उभं होतं, घरघरत. कुणीतरी सुरू करेल म्हणून थांबलेलं.

बऱ्याच वेळाने आनंदराजांनी लेकीच्या केसांवरून हात फिरवला. "ऊठ. गाडी उभी ठिवली का तशीच? मागं दुसरी येत असंल. सिग्नल कोणता हाय?"

तिने डोळे पुसले. "पिवळा."

"मंग धीम्यानं काढ. एकदम वेग न्हाई द्यायचा."

तिने गाडी काढली. ती बघत होती आणि सांगत होती, आणि ते ऐकत होते. पूल आला तेव्हा आवाज पोकळ झाला. तिने सांगायच्या आधीच ते म्हणाले, "लोखंडी पूल हाय." फाटक गेलं. एक वळण आलं.

"बाजूला कुणी उभं हाय का?" त्यांनी मध्येच विचारलं. "हातात हातोडा असलेलं?"

तिने नीट बघितलं. खेळ बनवणाऱ्यांनी झाडं काढली होती, खांब काढले होते, फाटकापाशी थांबलेला ट्रॅक्टरही काढला होता.

"न्हाई बाबा. कुणीच न्हाई."

आनंदराज म्हणाले, "मंग रूळ कोण बघून राहिलं?"

दुसऱ्या दिवशी महामायाने रजा टाकली आणि त्यांना नांदेडला नेलं. डॉक्टर रागावले. तीन महिन्यांपूर्वी आला असता तर पुष्कळ राखता आलं असतं, असं ते म्हणाल्याचं तिने घरी येऊन सांगितलं. आता उजेड आणि सावली तेवढी राखायची आहे. सरजाबाई सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने थेंब घालते. एकही गालावर ओघळू देत नाही. महामाया आता भोकरची खोली सोडून रोज मुदखेडहून येते-जाते. रविवारी ती गाडी चालवते आणि तिचे बाबा शेजारी बसून सिग्नल विचारतात. माझ्यावर आता लुगड्याचा तुकडा नसतो. मला त्याचा आनंद व्हायला हवा. पण इंजिनाच्या खिडकीतला रूळ दर वेळी पडद्यावर येतो आणि ज्या माणसासाठी तो आणला होता, त्याचे डोळे भिंतीवर असतात. ते मला बघवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी असेल. त्याच्या पडद्यावर चौकोन उमटला तर तो रागाने बंद करू नका. सावकाश वाचा, कळलं नाही तर जाणत्याला दाखवा. एखादी फाईल कमी असली तर ज्याने ती बनवली त्याच्याकडूनच पूर्ण संच आणा. हिरव्या बटणाला भुलू नका आणि राखणदाराला कधीच झोपवू नका. असं केलंत तर आम्ही म्हातारेही बरीच वर्षं चालतो.

पण आमचं एक वेळ राहू द्या. मी बिघडलो तर निदान तसं लिहून दाखवतो. माणसं तेही करत नाहीत. "जाऊन आलो" म्हणतात आणि आपण फोन ठेवून देतो. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, फोनवर विचारून थांबू नका. घरी जा, त्यांच्यासमोर बसा, आणि ते कुठे बघत आहेत ते बघा.